स्टँडवरचा आकडा

मंगळवारी संध्याकाळी सात वाजले, सव्वासात झाले, तरी मोबाइलवरच्या आठाचे नऊ झाले नाहीत. मी भाकऱ्या थापत होते. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा करायची माझी रीत आहे, म्हणजे पिठाचे हात न लावता दिसतं. आठ. तव्यावरची भाकरी उलटली, परत पाहिलं, आठ. सहा महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं झाली असतील, तेवढ्यावरून मी फोन करून त्याला झाडलंही असेल, पण दिवेलागण होऊन गेली आणि आकडा हललाच नाही, हे नवं होतं. करपल्याचा वास नाकात गेला तेव्हा कळलं की मी तव्याकडं बघतच नव्हते. सत्तरीला आलेली बाई, साठ वर्षं भाकरी भाजतेय, आणि एका आकड्यापायी भाकरी जाळते. माझं मलाच चार शब्द सुनवावेसे वाटले. फोन मात्र लावला नाही. मी का लावायचा? ज्याला उशीर झाला त्यानं लावावा.

हा आकडा सोलापूरचा नाही. बंगळुरात मेट्रोचं एक स्टेशन आहे, शहराच्या पार कडेला, नवं, फार वर्दळ नसलेलं. त्याच्या जिन्याखाली भाड्यानं द्यायच्या बॅटरीच्या गाड्या उभ्या असतात, नऊ. माझा एकुलता एक, संघपाल, त्या स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहतो. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यातली एक गाडी घेऊन कंपनीत जायचं आणि सातला परत आणून लावायची, हा त्याचा नेम. स्टँडवर जावं तर कधी गाडीच शिल्लक नाही, म्हणून त्यानं स्वतःपुरतं एक सॉफ्टवेअर लिहिलं. घरात बसून कळावं की कुठल्या स्टेशनवर किती गाड्या उभ्या आहेत. दोन वर्षांमागं दिवाळीला आला तेव्हा ते माझ्याही मोबाइलमध्ये घातलं. मी दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षरं जुळवायला मला वेळ लागतो, इंग्रजी तर बघायलाच नको. तर त्यानं माझ्यासाठी आकडे मराठीत करून दिले, मोठे, पिवळे. म्हणाला, "हे बघ आई, नऊ हायती. मी एक नेली की आठ. तुला कळंल मी निघालो म्हणून." त्यानं गंमत म्हणून दाखवलं. पण भाड्यानं गाड्या देणं ही मला कधीच गंमत नव्हती.

गिरणी बंद पडली तेव्हा यशवंत, माझा नवरा, चार महिने भिंतीकडं तोंड करून पडून होता. दाढी वाढली, अंगाला वास यायला लागला. रोज सकाळी बोलून बोलून मी त्याला उठवला. कोणी म्हणेल छळलं, म्हणू दे. उठला की नाही? स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याचं खोकं टाकलं, बारा जुन्या सायकली आणल्या आणि तासावर भाड्यानं द्यायला लागलो. पंक्चर त्यानं काढायचं, सायकली मी द्यायच्या. एका फळीवर बारा खिळे, खिळ्याला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. सायकल गेली की बिल्ला खाली. मला वहीची गरज पडली नाही. रिकाम्या खिळ्याकडं बघितलं की मला त्या जागी माणूस दिसायचा, कोण, कुठं गेलाय, कधी येणार. परत आलेली सायकलसुद्धा माझ्याशी बोलायची. सीट खाली केलेली असली की समजायचं, भावानं बहिणीला शिकवली. मागच्या चाकाला शेण असलं की हा मंद्रूपच्या रस्त्याला गावाबाहेर जाऊन आला आणि सांगतोय की लायब्ररीत होतो. उशीर करणाऱ्याची मी भर रस्त्यात खरडपट्टी काढायची. आज वकील, मास्तर झालेली माणसं सात रस्त्याच्या चौकात मला बघून अजून घड्याळ बघतात.

म्हणून बंगळुरातल्या त्या नऊ गाड्या महिन्याभरात माझ्याच झाल्या. साडेदहाला एक जाते आणि तासात परत येते, ती बाईच असणार, बाजाराला जाणारी. दुपारी दोन एकदमच जातात, ती कॉलेजची पोरं. आणि नऊ दहाचा संघपाल. यशवंत जाऊन अकरा वर्षं झाली, खोकं त्याच्याही आधी उठलं, घरोघरी मोटारसायकली आल्या. घरात एकटी मी. पण नऊ दहाला नवाचे आठ झाले की छातीत काहीतरी जागच्या जागी बसायचं. मग मी चहा घ्यायची. एकदा नऊ वीस झाले होते तर मी फोन करून म्हणलं, साहेब झालास म्हणून कंपनी तुझ्या वेळेवर चालते काय रे? तो हसला होता. गाडीवर होता, वाऱ्यात हसणं ऐकू आलं.

या एप्रिलात जयंतीला वस्तीनं त्याचा सत्कार केला. शाल घातली, माइकवरून सांगितलं की या आईनं सायकली भाड्यानं देऊन पोराला इंजिनिअर केलं. मी पुढच्या रांगेत बसले होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं, आणि मला थंडी वाजल्यासारखा काटा आला होता अंगावर. त्यानंतर दहा दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, आई, कंपनीनं चाळीस जणांना एकदम काढलं, त्यात मी. थोडे दिवस घरी येऊ का? मी दारात उभी होते. दारावर त्याच्या नावाची पितळी पाटी आहे, तिच्यावर माझा हात होता, पितळ तापलेलं होतं, हे मला नीट आठवतं. मी म्हणलं, "परवा लोकांनी शाल घातली, आन आज बोचकं घिऊन येणार? नोकरी घे. मग ये." तो बरं म्हणाला. मला ते कठोर वाटलं नाही. यशवंतला मी असाच उठवला होता.

मग मे महिना. रोज सकाळी नऊ दहाला नऊ. नऊ पंधराला नऊ. मी फोन लावायची. म्हणायची, आज पण हलला नाहीस वाटतं? अंथरुणात आहेस? राजश्री, माझी सून, मंद्रूपची पोर, बंगळुरातच एका दवाखान्यात नर्स आहे. मी म्हणायची, बायको रात्र रात्र उभी राहते आणि तू लोळतोस, आरशात बघतोस की नाही? तो बघतोय आई, चाललंय आई, असं म्हणायचा. मला त्या आवाजाचा राग यायचा. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मी चष्मा लावून बसलेली असताना बरोबर नऊ दहाला नवाचे आठ झाले. संध्याकाळी सातला नऊ. रात्री त्याचा फोन, नोकरी लागली, वेळ तीच, रस्ताही तोच. मी गल्लीत पेढे वाटले. मी जिंकले असं वाटत होतं मला. कोणाशी, ते कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बुधवारी सकाळीही आकडा आठच होता. साडेआठला राजश्रीचा फोन आला. आधी म्हणाली, आत्या, चहा झाला का? मी म्हणलं, माझा चहा राहू दे, तो कुठाय? तर रडायला लागली. काल सकाळी गेलेले आले नाहीत, फोन बंद आहे, मी रात्रपाळीवरून आत्ता आले तर खोलीला कुलूप तसंच. तोंड चालतंच माझं. मी म्हणलं, रडत काय बसलीस, कंपनीत फोन लाव, तिथं विचार. तिचं रडणं थांबलं. मग म्हणाली, "कंपनी कुटली, आत्या?"

जे सांगितलं ते तिनं अगदी हळू सांगितलं, औषधाच्या वेळा सांगतात तसं. एप्रिलपासून त्याला काम नाही. कुठं कुठं गेला, कोणी घेतलं नाही. जूनपासून सकाळी नऊला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघतो. स्टँडवरून गाडी घेतो. एका तळ्याच्या काठाला जाऊन बसतो, दुपारी तिथून उठवतात म्हणून दुसरीकडं जातो, संध्याकाळी सात वाजले की गाडी आणून लावतो. पावसात पण गेला, तापात पण गेला. तिनं म्हणून बघितलं की आज राहू दे. तर म्हणाला, आई बघत असेल. "तुमी बघताय म्हणून जात्यात ते, आत्या. माझं नाव सांगू नका." मी फोन ठेवला. पिवळा आठ समोर होता. सहा महिने मी जो आकडा बघून चहा पीत होते, तो खरा होता. एक दिवस खोटा नव्हता. नऊ दहाला माझाच पोरगा ती गाडी नेत होता. गिऱ्हाईक मी बरोबर ओळखलं होतं.

मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्या सॉफ्टवेअरात बोटानं सरकवलं की दुसरी स्टेशनं येतात, हे त्यानं दाखवलं होतं, पण मला दुसऱ्या स्टेशनांशी काय करायचं होतं? आता मी सरकवत गेले. बारा. चार. शून्य. सतरा. नावं इंग्रजीत, मला वाचता येत नाहीत, नुसते आकडेच. कुठंतरी यातल्या एका आकड्यात माझ्या पोरानं सोडलेली गाडी होती. कुठल्यातरी स्टँडवर एक गाडी जास्तीची होती. मी प्रत्येक आकड्याकडं डोळे बारीक करून बघत राहिले, खिळ्याकडं बघायची तशी, आणि मला कोणी दिसलं नाही. सहा. अकरा. शून्य. तळ्याचा काठ डोळ्यांपुढं यायला लागला. त्या तळ्याला कठडा आहे का, हे राजश्रीला विचारायचं राहिलं होतं. बोट सुन्न झालं. पहिल्यांदा वाटलं की माझ्या आयुष्यात सायकली परत आल्या त्या मी ओरडले म्हणून नव्हे. माणसांना यायचं होतं म्हणून आल्या.

दारात रिक्षा थांबली. इसूफ होता. त्याची आई आणि मी एका नळावर पाणी भरलेल्या, तो मला मावशी म्हणतो, स्टेशनच्या स्टँडला रिक्षा लावतो. आत न येताच म्हणाला, "नागूमावशी, संघपाल आलाय, म्हाईत हाय का तुला?" तो सांगत होता की पहाटेच्या बंगळूरच्या गाडीनं उतरला, मी हाक मारली, घरी सोडतो म्हणलं तर नको म्हणाला, कामाला आलोय, आईला सांगू नको. आता परत भाडं घेऊन गेलो तर अजून तिथंच बसलाय, एकटाच, फलाटावर. म्हणून आलो. मी चप्पल घातली की नाही आठवत नाही. माझ्या घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर आहे. साडेसहापासून तो तिथं बसला होता, आणि मी दहा मिनिटांवर बसून बंगळूरची स्टेशनं चाळत होते.

फलाटाच्या टोकाला, जिथं छप्पर संपतं, तिथल्या बाकावर तो होता. इस्त्रीचा शर्ट, खोचलेला. मांडीवर बॅग, आत डबा असणार, कालचा, आंबलेला. पाठीमागून केस विरळ झालेले दिसले. रिक्षात मी ठरवलं होतं काय बोलायचं ते. एकच वाक्य होतं. नोकरी नसली तर नसू दे, चल घरी. तीस वर्षं मी भर रस्त्यात हजार माणसांना बोलले, शब्द शोधावा लागला नाही. त्यानं मान वळवली, मला बघितलं आणि ताडकन उभा राहिला, मास्तर वर्गात आल्यासारखा. छत्तिसाव्या वर्षी. आणि लगेच म्हणाला, "सुटी काढली एक दिवस. गाडी लेट झाली, आत्ताच उतरलोय." त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते. मला कळलं तो काय शोधतोय. मी मानलं का ते. मी मानलं नाही असं दिसलं असतं तर तो तिथं उभा राहू शकला नसता, असं मला वाटलं, किंवा मला भीती वाटली, किंवा मला लाज वाटली. अजून मला ते वेगळं करता येत नाही. मी म्हणलं, शर्ट मळलाय. मग म्हणलं, परत कधी? तो म्हणाला, आज चारच्या गाडीनं, उद्या हजर व्हायचंय. मी बरं म्हणलं.

घरी त्यानं मान खाली घालून चार भाकऱ्या खाल्ल्या. गल्लीत कळलंच होतं, माणसं येऊन बसली. कोणी साहेब म्हणालं, कोणी भाच्याचं काम बघा म्हणालं. आणि तो सांगायला लागला. नवी कंपनी, सातवा मजला, वरचा साहेब केरळचा, चहात साखर घालत नाही पण चहाबरोबर गूळ खातो, टेबलाच्या खणात ढेप ठेवतो, मुंग्या होतात म्हणून झाडणाऱ्या बाईशी त्याचं भांडण. सगळे हसले. मीही हसले. तो इतकं बारीक सांगत होता की मला तो साहेब दिसायला लागला, त्याच्या बोटाला लागलेला गूळ दिसला. तळ्याकाठी बसून सहा महिने त्यानं हा माणूस घडवला होता. माझ्यासाठी. कधी मी विचारलंच तर सांगता यावं म्हणून. आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. मी फक्त किती वाजता निघालास तेवढंच विचारत होते. मोरीत जाऊन मी तोंडावर पाणी मारलं, राजश्रीला फोन करून दोन शब्दांत सांगितलं की इथं आहे, येतोय. तिनं श्वास सोडलेला ऐकू आला. चारला इसूफच्या रिक्षातून आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी सुटताना खिडकीतून तो म्हणाला, तब्येत जप. मी म्हणलं, वेळेवर जेवत जा. ते एक वाक्य मी तसंच घरी परत आणलं.

गुरुवारी सकाळी सहाला मोबाइल बघितला. नऊ. म्हणजे पोचला, आणि जाताना कुठं ठेवली होती ती गाडी आणून जागेवर लावली. मला बरं वाटलं. आता झोपेल, म्हणलं, दोन रात्रींचा जागा आहे. नऊ दहाला आकडा बदलला. आठ. एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही. मी फोन लावला.

त्यानं गाडी कडेला घेतली असावी, हॉर्न लांब गेले. एवढ्या लवकर फोन कसा, म्हणाला. मी ते वाक्य तोंडाशी आणलं आणि निघालं भलतंच. "ते आकड्याचं मी काढून टाकते. डोळं दुखत्यात माझं."

मग तो म्हणाला, "राजीनं सांगितलं तुला."

"व्हय."

"कवा?"

"तू टेशनवर बसला हुतास तवाच."

तो मोजत असणार. टेशन, भाकऱ्या, गुळाचा साहेब. खोकल्यासारखा थोडा हसला. मी म्हणलं, "घरी ये. नोकरी नसंना का. राजीला घिऊन ये." आलं एकदाचं बाहेर. एप्रिलमध्ये हे वाक्य दाराबाहेर टाकायला मला एक श्वास लागला असता. तो म्हणाला, "आता न्हाय यायला जमायचं, आई." रागानं नाही. भूक नाही म्हणावं तसं. नंतर म्हणाला, "पण ते काढू नगंस."

मी विचारलं, कशाला ठेवू?

"तू बघतीस म्हणून उठतो मी. राजी ड्यूटीवर गेली की खोलीत कुणी नसतं. नऊला आकडा हलला न्हाय तर आई बोलंल, येवढ्यावर बूट घालतो. ते बी नसलं तर उठायचं कशाला, ते मला सापडत न्हाय." मग आवाज बारीक करून म्हणाला, "उशीर झाला तर बोल मला. पयल्यागत बोल. गोड बोलू नगंस, मला भ्या वाटतं."

मी बघते म्हणलं. बोलते म्हणलं. राजश्रीला सांगितलं की त्याला एकटं सोडू नको, डॉक्टर तुझ्याच दवाखान्यात असतील, दाखव. बंगळूरला जायचं माझं शनिवारचं तिकीट काढायला इसूफला पाठवलं. शनिवार दोन दिवसांवर होता.

शुक्रवारी नऊ दहा झाले. नऊच. नऊ पंधरा. मी ओट्यापाशी उभी होते, बसवत नव्हतं. नऊ वीस, पंचवीस. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला. पंख्याचा आवाज आणि आडव्या पडलेल्या माणसाचा श्वास. मला म्हणायचं होतं, झोप बाळा, आज राहू दे. जिभेवर आलं होतं. दोन्ही हातांनी फोन धरला. मग मी घसा साफ केला आणि आवाज चढवला. ऊन डोक्यावर आलं, कुणाच्या बापाची वाट बघतोस, बायको राबून येईल ती तुझं तोंड बघायला काय, ऊठ, पाय खाली ठेव आधी. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. येऊ दे. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पदराला पुसायला हात मोकळा नव्हता, आवाजात ते उतरू द्यायचं नव्हतं. तोंडाला येईल ते मी बोलत गेले, जे जे यशवंतला बोलले होते ते सगळं, आणि त्याच्या पलीकडचंही. पलीकडं खाट करकरली. मी थांबले नाही.